एअर इंडियाच्या देशांतर्गत विमानात आता १५च किलो: कम्फर्ट घ्यावं, कम्फर्ट प्लस की फ्लेक्स?

सोनेगावकर | ६ मे २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

दर मे महिन्यात आई नागपूरहून आमच्याकडे दिल्लीला येते. सोबत वर्षाचं वाळवण असतं: मुंगवड्या, खारोड्या, कुरडया, सरगुंडे, कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या, जवसाची चटणी. उरल्या जागेत तिच्या साड्या. गेली दोन वर्षं तिचं तिकीट मी ठरवून एअर इंडियाचं काढतो. बाकीच्या कंपन्या १५ किलो नेऊ देतात, इथे आधी २५ होतं, मग २० झालं, तरी भागत होतं. शिवाय खाणं तिकिटातच. विमानात पैसे देऊन काही घ्यायचं म्हटलं की आई उपाशी बसते, पण घेत नाही.

काल तिकीट काढायला बसलो तर २ मेपासून सगळं बदललेलं. गेल्या ऑगस्टात त्यांनी इकॉनॉमीचे तीन प्रकार केले, कम्फर्ट, कम्फर्ट प्लस आणि फ्लेक्स. तेव्हा कम्फर्टला २० किलो आणि कम्फर्ट प्लसला २५ किलो होतं. आता दोन्हींना १५. पंचवीस हवं असेल तर फ्लेक्स.

सामान कमी केलं याबद्दल मी फार भांडणार नाही. कंपनी जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे आली तेव्हा तोट्यातच होती, तो भरून काढायला त्यांना काहीतरी करावं लागणारच. मला खटकतं ते हे की तिन्ही प्रकारांत नेमका काय फरक आहे ते तिकीट काढताना शोधत बसावं लागतं. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरून काढलं तर डोळ्यांसमोर फक्त सगळ्यांत कमी भाडं येतं. मला निदान शोधता येतं. आई एकटी असती तर थेट काउंटरवर जाऊन उभी राहिली असती आणि तिथे सगळ्यांसमोर तिला बॅग उघडायला लागली असती.

तुम्ही काय बघून तिकीट काढता? एक हजार जास्त देऊन फ्लेक्स घेण्यात अर्थ आहे का? की सरळ दुसरी कंपनी? आईचं लोकसभेचं मतदान १९ एप्रिललाच झालं, आमचं इथे २५ तारखेला आहे, त्याच्या दोन दिवस आधी तिला आणायचं म्हणतोय.

---

रानजाई | ६ मे, रात्री ९:५८

कुरडयांना वजन नसतं हो, जागा लागते. खरं वजन लोणच्याच्या बरणीचं. काचेची असेल तर आधी ती बदला.

---

हिशेबनीस | ६ मे, रात्री १०:२२

फ्लेक्सबद्दल कंपनीनेच एक उदाहरण दिलं आहे. दिल्ली-मुंबई मार्गावर कम्फर्ट प्लस आणि फ्लेक्स यांच्यात साधारण १००० रुपयांचा फरक, आणि त्या बदल्यात प्रवाशाला जवळपास ९००० रुपयांचा फायदा. या ९००० मध्ये १० किलो जादा सामान आलं आणि तिकीट बदलण्याचं, रद्द करण्याचं शुल्क शून्य तेही आलं.

आता विचार करा, हे ९००० पुरेपूर पदरात कोणाच्या पडतात? ज्याला पंचवीस किलो न्यायचंय आणि ज्याची तारीखही पक्की नाही, त्याच्या. आईंची तारीख पक्की असेल तर शुल्कमाफीचा तुम्हाला उपयोग शून्य. तो भाग बाजूला काढून फक्त दहा किलोंचा हिशोब करा. हजार भागिले दहा, किलोमागे शंभर रुपये. विमानतळावर जादा किलोला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, मी मागच्या वर्षी एका कंपनीच्या काउंटरवर किलोमागे साडेपाचशे भरले. तेव्हा बॅग दोन किलोंनी जरी जास्त भरली तरी फ्लेक्स स्वस्त पडतं.

पण दिल्ली-मुंबईचा हजाराचा फरक नागपूर-दिल्लीला लागू पडेलच असं धरून चालू नका. प्रत्येक विमानाला, प्रत्येक दिवशी तो बदलतो. तुमच्या पडद्यावर जो आकडा दिसेल त्याला दहाने भागा आणि मग ठरवा.

---

एकच_सॅक | ६ मे, रात्री १०:४१

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

महिन्यातून दोनदा पुणे-दिल्ली करतो, पाठीवर एक सॅक, पाच किलोसुद्धा भरत नाही. आजवर मी २० किलोंचे पैसे भरत आलो आणि शून्य किलो नेत आलो. माझ्या तिकिटातून दुसऱ्याचं सामान का जावं? ज्याला जास्त न्यायचंय त्याने जास्त भरावं. एअर इंडिया एक्सप्रेसने फेब्रुवारीत 'एक्सप्रेस लाइट' भाडं आणलं, चेक-इन सामान नाही, त्याबदल्यात तिकीट स्वस्त, आणि आधी नोंदवलं तर हातातल्या सामानाला तीन किलो जादा फुकट. मला हेच हवं होतं. डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, फेब्रुवारी २०२१ मध्येच कंपन्यांना तशी मुभा दिली होती, इथे पोचायला तीन वर्षं लागली.

---

सोनेगावकर | ६ मे, रात्री १०:५५

एकच_सॅक, राग कसला. तुमचं म्हणणं पटतं. पण २० चे १५ झाले तेव्हा तुमचं तिकीट पाच किलोंनी स्वस्त झालं का? तसं झालं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

हिशेबनीस, दहाने भागायचं हे डोक्यात पक्कं बसलं. रानजाई, बरणी बदलतो.

---

वऱ्हाडी_बाणा | ६ मे, रात्री ११:१०

बाप्पा! मायच्या हातचे सरगुंडे तोलून न्यायचे दिवस आले. कायले टेन्शन घेता भाऊ, अर्धे आमच्याकडे ठेवून जा.

---

काउंटरपलीकडे | ७ मे, सकाळी ७:१५

अकरा वर्षं चेक-इन काउंटरवर होते, आता सोडलं. कंपनीचं नाव नको, पण आतून हे कसं दिसतं ते सांगते.

पहिली गोष्ट, कम्फर्ट आणि फ्लेक्सचा प्रवासी शेजारी शेजारी बसतो. खुर्ची तीच, विमान तेच, खाणं तेच. फरक फक्त अटींचा: सामान किती, तारीख बदलली तर किती कापणार, रद्द केलं तर किती परत देणार. एकाच खुर्चीला तीन भाव असतात आणि तुम्ही काय घेतलंय ते आमच्या पडद्यावर दिसतं.

दुसरी गोष्ट, हे १५ वर का आलं. देशातल्या दहा प्रवाशांपैकी सहा आज इंडिगोने जातात आणि तिथे १५ किलो आहे. तुम्ही-आम्ही तिकीट शोधतो तेव्हा यादी भाड्याच्या चढत्या क्रमाने लागते. २० किलो आणि जेवण धरून कोणी भाडं लावलं की ती कंपनी यादीत खाली जाते, आणि खाली कोणी बघत नाही. किलोंसाठी यादीत वेगळा रकाना असता तर कदाचित हे झालंच नसतं. आणखी एक कारण म्हणजे विमानाच्या पोटातली जागा. बॅगा कमी झाल्या की त्या जागेत माल नेता येतो आणि मालाचे पैसे मिळतात.

सोनेगावकर, बॅग उघडायला लावण्याची तुमची भीती खरी आहे. मी स्वतः कितीतरी आज्यांना ते सांगितलंय आणि दर वेळी जिवावर आलंय. मागे रांग असते, बाई खाली बसून साड्यांमधून डबे काढत असतात, आणि बरोबरचा कोणीतरी त्यांच्यावरच ओरडत असतो. एखादा किलो आम्ही सोडून द्यायचो. चार-पाच किलो सोडता येत नाहीत, कारण ते आमच्या हातातच नसतं.

म्हणून दोन कामं करा. पन्नास रुपयांचा नाही, जरा बरा वजनकाटा घ्या, हुकाचा, आणि बॅग घरीच उचलून बघा. आणि दोघं-तिघं एकाच पीएनआरवर जात असाल तर सामान एकत्र धरतात, तीन जणांचं ४५. फक्त कुठलीही एक बॅग ३२ किलोंच्या वर जाता कामा नये, उचलणारी शेवटी माणसंच असतात.

---

हिशेबनीस | ७ मे, सकाळी ८:०२

काउंटरपलीकडे, फारच उपयोगी. यादीचा मुद्दा तर माझ्या कधी लक्षातच आला नव्हता.

---

टेम्सकाठी | ७ मे, दुपारी १:३०

इकडे ही गोष्ट होऊन गेली, म्हणून लिहितो.

मी लंडनला राहतो, कामासाठी युरोपात जा-ये असते. ब्रिटिश एअरवेजने आखूड पल्ल्याच्या विमानांत फक्त हातसामानाचं भाडं आणलं तेव्हा इथेही असाच गदारोळ झाला होता. मग जानेवारी २०१७ पासून त्याच विमानांतलं फुकट खाणं बंद झालं आणि मार्क्स अँड स्पेन्सरचे सँडविच विकायला लागले. लोक चिडले, मीही चिडलो. पुढे पाणी आणि छोटासा खाऊ परत आला.

पण आज मी ते हातसामानाचं भाडं सर्रास घेतो, कारण हातातली बॅग २३ किलोंपर्यंत चालते आणि शिवाय एक छोटी पिशवी. कोणी काटा घेऊन मागे लागत नाही, फक्त मापात बसली पाहिजे. याउलट रायनएअरमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून फुकट काय, तर खुर्चीखाली मावेल एवढी छोटी पिशवी. चाकांची बॅग न्यायची तर वेगळे पैसे.

म्हणजे 'सामान नाही' असं दोन्हीकडे लिहिलेलं असतं आणि अर्थ पार वेगळा निघतो. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये एका स्पॅनिश कंपनीच्या खटल्यात सांगितलं की चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे घ्या, हरकत नाही, पण वाजवी वजन-मापाचं हातसामान ही प्रवाशाची गरजच आहे, त्याचे जादा पैसे लावू नका. तरीही 'वाजवी' म्हणजे किती यावर भांडण अजून चालू आहे.

भारतात बहुतेक भाड्यांत ७ किलोंचं हातसामान आणि १५ किलोंची बॅग इतकं तरी मिळतं. तेवढं सांभाळा.

---

एकच_सॅक | ७ मे, दुपारी २:०५

@टेम्सकाठी, ७ किलोंचा एक तोटा रोज बघतो. चेक-इनचं कमी झालं की तेच सामान हातात येतं. गेल्या आठवड्यात माझ्या डोक्यावरच्या कप्प्यात जागाच नव्हती, सॅक पायाशी घेऊन बसलो दोन तास. म्हणजे माझाही तोटा होतोच, हे सोनेगावकरांना कबूल करतो.

---

रानजाई | ७ मे, दुपारी ३:४०

किलोंचं बोलून झालं असेल तर जागांचंही बोलूया.

मागच्या दिवाळीत दोन मुलांना घेऊन बंगळूरला निघाले होते, नवरा आधीच तिकडे होता. मोठी नऊ वर्षांची, धाकटा पाच. वेब चेक-इन करताना फुकटची एकही खुर्ची शेजारी शेजारी नव्हती. नकाशात सगळीकडे अडीचशे, चारशे, सहाशे. मी हट्टाने नाही भरले. विमानात बसले तर मी अठराव्या रांगेत, मोठी चोविसाव्या आणि धाकटा सातव्या रांगेत दोन अनोळखी माणसांच्या मधे. रडवेला झालेला, ओठ घट्ट मिटलेले, पट्टा दोन्ही हातांनी धरून बसलेला. एका काकांनी उठून जागा दिली म्हणून निभावलं. कंपनी कुठली ते सांगत नाही, पण तो चेहरा मी विसरणार नाही.

आता एप्रिलमध्ये डीजीसीएने सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांपैकी, नाहीतर पालकांपैकी एकाच्या शेजारी जागा द्यायचीच आणि तशी नोंद ठेवायची. हे आधी झालं असतं तर किती बरं झालं असतं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी मुलांचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर काढू नका, नाहीतर हा नियम लागू होणार नाही.

---

काउंटरपलीकडे | ७ मे, दुपारी ४:१०

रानजाई, वाचूनच कसंतरी झालं. आणखी एक सांगते. आवडीची जागा, खाणं, लाउंज, चेक-इन सामान, खेळाचं साहित्य, वाद्य आणि मौल्यवान वस्तूंची विशेष नोंद, एवढ्याच गोष्टींचे पैसे कंपनीला भाड्यापासून वेगळे काढता येतात. आणि तेही प्रवाशाने स्वतः निवडलं तरच. आधीच खूण केलेला चौकोन दिसला तर तो काढा आणि तक्रारही करा. जागा निवडली नाही तरी विमानतळावर कुठली ना कुठली फुकट जागा मिळतेच, जागेचे पैसे न भरल्यामुळे कोणालाही विमानातून उतरवत नाहीत. ज्येष्ठांना हे मुद्दाम सांगा, घाबरून चारशे-पाचशे भरतात.

---

डोंबिवलीचे_आजोबा | ७ मे, सायंकाळी ६:२०

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी ७४ वर्षांचा. एअर इंडियात ज्येष्ठांना मूळ भाड्यात ५० टक्के सवलत होती, ती सप्टेंबर २०२२ पासून २५ टक्के झाली. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे ती बंदच. तेव्हा हल्ली आम्ही दोघे कुठे जायचे तर प्रथम मुलगा भाडे बघतो आणि मग आम्ही तारीख ठरवतो.

पण सामानाचाच प्रश्न असेल तर रेल्वेसारखे काही नाही. थ्री टियर एसीला ४० किलो, टू टियरला ५०, फर्स्टला ७०, आणि साध्या स्लीपरलासुद्धा ४०. नागपूर-दिल्ली तर एका रात्रीचा प्रवास. सोनेगावकर, आपल्या मातोश्रींना विचारा, कदाचित त्यांनाच गाडी आवडेल. खिडकीतून इटारसी दिसले की मला अजूनही चहाची आठवण होते.

---

भीमाकाठ | ७ मे, सायंकाळी ६:४५

आजोबा, अगदी. आणि रेल्वेतही आता निवड आहे. सोलापूर-मुंबई वंदे भारतचं तिकीट काढताना 'जेवण नको' म्हटलं की भाडं तेवढं कमी होतं. किती कमी झालं ते तिथेच दिसतं. एकच_सॅक यांना सोनेगावकरांनी विचारलेला प्रश्न तोच आहे: काढून घेतलं तर किंमत किती उतरली ते दाखवा.

---

मानकुराद | ७ मे, रात्री ८:३०

आमच्या गोव्याकडचा हिशोब आणखी वेगळा. पूर्वी एकच दाबोळी होतं. गेल्या वर्षी जानेवारीत मोपा सुरू झालं आणि आता तिकीट बघताना कुठल्या विमानतळाचं आहे ते आधी बघावं लागतं. मी मडगावचा. मोपाचं तिकीट सातशे रुपयांनी स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, आणि टॅक्सीत त्याच्या तिप्पट गेले. आता घरापासून घरापर्यंतचा खर्च लिहून काढतो आणि मगच तिकीट.

अवांतर: आंबे नेणार असाल तर पेटीचं वजन धरायला विसरू नका. दोन डझन मानकुराद, लाकडी पेटी, गवत... सहज सात-आठ किलो. मी पुठ्ठ्याच्या खोक्यावर आलोय.

---

रानजाई | ७ मे, रात्री ८:४२

मानकुराद, तुमचं नाव वाचूनच तोंडाला पाणी सुटलं होतं, आता वजनही कळलं.

---

हडसनपार | ७ मे, रात्री ११:५०

न्यू जर्सीहून. आमच्यासारख्यांसाठी एक मोठी गोष्ट कोणी लिहिली नाही.

अमेरिकेहून मुंबईला येऊन पुढे देशांतर्गत विमान घ्यायचं असेल तर ते एकाच पीएनआरवर घ्या. मग आंतरराष्ट्रीय तिकिटाचं सामान शेवटच्या विमानतळापर्यंत चालतं. पुढचं तिकीट स्वस्त दिसतंय म्हणून वेगळं काढलं तर तिथे साधे १५ किलो. २०१९ मध्ये मी हे केलं. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा, पुढे नागपूरचं वेगळं तिकीट. मुंबईत पहाटे चार वाजता काउंटरवर सांगितलं, एकतीस किलो जादा. त्या पैशांत आणखी एक माणूस नागपूरला जाऊन आला असता. मुलगी कडेवर झोपली होती, वाद घालायचं त्राण नव्हतं, भरले.

आता २० चे १५ झाल्यामुळे वेगळ्या तिकिटाचा फटका आणखी पाच किलोंनी वाढला. आपल्या आई-वडिलांना परत पाठवतानाही हेच लक्षात ठेवा.

---

हिशेबनीस | ८ मे, सकाळी ७:५०

हडसनपार यांचं म्हणणं सोन्यासारखं आहे. त्यात माझी थोडी भर, तिकीट रद्द करण्याबद्दल, कारण प्रकार निवडताना लोक ते विसरतात.

विमान सुटायला सात दिवस किंवा जास्त असतील तर तिकीट काढल्यापासून ठरावीक तासांत ते फुकट रद्द करता येतं किंवा बदलता येतं. कम्फर्ट असो की फ्लेक्स, सगळ्यांना. तेव्हा रात्री घाईत चुकीचा प्रकार घेतला तर सकाळी उठून बदला.

दुसरं, रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे अगदी स्वस्तातल्या, 'काही परत मिळणार नाही' असं लिहिलेल्या तिकिटावरही विमानतळाचं वापर शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क परत मिळायलाच हवं. विमान चुकलं तरी. आपल्यातले कितीतरी जण ते मागतच नाहीत.

---

भीमाकाठ | ८ मे, सकाळी ९:३०

मग जादा सामानाच्या दरावर सरकारने मर्यादा का घालू नये? २०१६ मध्ये घातली होती ना, १५ ते २० किलोंमध्ये किलोमागे १०० रुपये?

---

काउंटरपलीकडे | ८ मे, सकाळी १०:०५

घातली होती, मी तेव्हा कामावर होते. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हापासून दर कंपनीच्या मर्जीने. योगायोग असा की हिशेबनीसांच्या फ्लेक्सच्या हिशोबातही किलोमागे शंभरच येतात. पण ते आधी घेतलं तर. काउंटरवर त्या दराने किलो मिळत नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे की कंपनीने दर घ्यावा, पण तिकिटावर भाड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात किलो छापावेत. प्रवासी काउंटरवर येईपर्यंत उशीर झालेला असतो आणि शिव्या समोरच्या मुलीला बसतात.

---

एकच_सॅक | ८ मे, सकाळी १०:४०

सोनेगावकर, रात्रभर विचार केला. आई परत जाताना काय नेतात?

---

सोनेगावकर | ८ मे, सकाळी ११:०२

जाताना काही नाही. साड्या आणि रिकामे डबे. का?

---

एकच_सॅक | ८ मे, सकाळी ११:१०

मग दोन्हीकडचा प्रकार एकच कशाला? येताना फ्लेक्स घ्या, जाताना कम्फर्ट. तिकीट जाण्या-येण्याचं काढताना सवयीने आपण दोन्हीकडे तेच निवडतो. मी कायम रिकाम्या हाताने जातो म्हणून मला हे लगेच दिसलं.

---

सोनेगावकर | ८ मे, सकाळी ११:१८

हे मला सुचलंच नव्हतं! मनापासून आभार. आज रात्री तेच करतो. आजोबा, आईला गाडीचंही विचारलं. तिला वरचा बर्थ मिळेल याची धास्ती वाटते, म्हणाली, विमानच बरं.

---

रानजाई | ८ मे, दुपारी १२:००

निघण्याआधी एक बघा, बॅगेत सुकं खोबरं नको. माझ्या सासूबाईंनी मसाल्यासाठी वाट्या टाकल्या होत्या, चेक-इनची बॅग परत बोलावून काढायला लावल्या. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून चालत नाही. लोणचं आणि तिखट मात्र चेक-इनमध्येच, हातात नको. कुरडया हातातल्या बॅगेत घ्या, वजनही भरत नाही आणि चुराही होत नाही.

---

सोनेगावकर | २६ मे, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, कारण काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

८ तारखेला रात्री तिकीट काढलं. येताना फ्लेक्स, फरक पडला ११४०. दहाने भागले, ११४ रुपये किलो. जाताना कम्फर्ट. लोणचं प्लास्टिकच्या बरण्यांत भरायला आईला फोनवर तीन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा ऐकलं. भावाने हुकाचा काटा आणला आणि माळवदाच्या कडीला अडकवून बॅग तोलली. १९ किलो ४००. आईने विचारलं, पंचवीस नेता येतात ना? आणि उरलेल्या साडेपाच किलोंत सांडगे, लाखोळीची डाळ आणि सोनपापडीचा डबा घातला. खोबरं काढलं, रानजाई. तिने खरंच घातलं होतं.

२३ तारखेला नागपूरच्या काउंटरवर काट्यावर २४ किलो ८०० आले. आई म्हणते, समोरच्या मुलीने आकडा बघितला, आईकडे बघितलं आणि हसून पट्टी लावली. बॅग कोणी उघडायला सांगितली नाही. कुरडयांची पिशवी तिने पूर्ण प्रवासभर मांडीवर धरली होती, हवाईसुंदरीने सांगितल्यावर फक्त उतरताना समोरच्या खुर्चीखाली ठेवली. एकही मोडली नाही.

काल मतदान करून आलो आणि सरगुंड्यांची खीर खाल्ली. आता परतीच्या १५ किलोंचं बघायचंय. आज रिकामे डबे तोलले, स्टीलचे सात, झाकणांसकट ३ किलो ७००.

---

काउंटरपलीकडे | २६ मे, रात्री १०:३१

पट्टी लावणाऱ्या मुलीला माझ्याकडून आशीर्वाद.

---

वऱ्हाडी_बाणा | २६ मे, रात्री १०:४०

डबे रिकामे कायले पाठवता भाऊ? आमच्याकडे कोणी रिकामा डबा परत करत नसते. मायसाठी काहीतरी भरा त्यात.

---

सोनेगावकर | २६ मे, रात्री १०:४४

खरं आहे. साड्या सोडून अकरा किलो तीनशे उरलेत. उद्या सकाळी बायकोबरोबर बाजारात जातो.